इंदूरच्या आसपास राहायला जाताना: नोकरी करणाऱ्या जोडप्याने उपनगर कसं निवडावं

पुण्या-नाशिकहून बदलीवर येणारी असोत की इंदुरातल्याच जुन्या घरातून बाहेर पडणारी असोत, राऊ, महू, बायपास किंवा सुपर कॉरिडॉरकडे निघालेली बरीच जोडपी एकाच जागी चुकतात. आधी फ्लॅट पसंत पडतो आणि टोकन दिलं जातं. पाण्याची, रस्त्याची आणि कागदांची चौकशी त्यानंतर सुरू होते. तोवर दोघांचीही सगळी शक्ती टोकन परत मिळवण्यात खर्च व्हायला लागलेली असते.

या लेखातला क्रम वेगळा आहे. आधी दिशा ठरवायची, मग गाव, मग पाणी तपासायचं, मग भाड्याचं घर घ्यायचं, आणि खरेदी सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीवर काही गावं गळतील. पुढची पायरी फक्त उरलेल्या गावांसाठी करायची, म्हणजे वेळही वाचतो आणि मोहही टळतो.

१. तयारी: दोघांनी वेगवेगळा कागद लिहा

एकत्र बसून यादी केली की ज्याचा आवाज मोठा त्याची यादी होते. म्हणून दोघांनी स्वतंत्र लिहा: ऑफिसचा नेमका पत्ता, पोहोचायची आणि निघायची वेळ, आठवड्यातले प्रत्यक्ष हजेरीचे दिवस, रात्रपाळी आहे का, कंपनीची बस असल्यास तिचा थांबा कुठे. शेवटी एक प्रश्न: पुढच्या तीन वर्षांत ही नोकरी बदलण्याची शक्यता किती? ज्याची नोकरी जास्त स्थिर, त्याच्या ऑफिसला थोडं झुकतं माप द्यायला हरकत नाही. पण तो निर्णय बोलून घ्या, गृहीत धरू नका.

मग प्रवासाचा हिशेब करा. घर ते ऑफिस २५ किमी असेल तर रोजचे ५० किमी, महिन्याच्या २२ दिवसांचे १,१०० किमी. गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर एका माणसाचं महिन्याला साधारण ७३ लिटर पेट्रोल. दोन गाड्या असतील तर दोघांचा आकडा मांडा आणि तो भाड्यात मिळवा. राऊमधलं स्वस्त घर आणि अन्नपूर्णा भागातलं महाग घर यांतला फरक इथे बऱ्याचदा मिटतो.

*तपासा:* दोन्ही कागदांवर प्रत्येकी तीनच अटी "याशिवाय नाही" म्हणून ठेवा. सहा-सात ठेवल्या तर एकही गाव उरत नाही आणि शेवटी कंटाळून काहीही निवडलं जातं.

२. गावाआधी दिशा

इंदूरची कामाची ठिकाणं चहूकडे पसरलेली आहेत. टीसीएस आणि इन्फोसिस वायव्येला सुपर कॉरिडॉरवर. पीथमपूरचे कारखाने नैऋत्येला, धार जिल्ह्यात. आयआयएम राऊजवळ पीथमपूर रस्त्यावर, आयआयटी खंडवा रोडवर सिमरोलला. क्रिस्टल आयटी पार्क दक्षिणेला, सांवेर रोडचा औद्योगिक भाग उत्तरेला, देवास ईशान्येला. दोघांची ऑफिसं नकाशावर लावा आणि मधून शहराचा गाभा जातो का ते बघा. रोज राजवाडा, पलासिया किंवा विजयनगर ओलांडायची वेळ कोणावरही येता कामा नये.

नेहमी दिसणाऱ्या काही जोड्या:

- पीथमपूर आणि महू किंवा आयआयएम: राऊ किंवा महू. महू ते पीथमपूर सुमारे १० किमी, इंदूर ते महू सुमारे २३ किमी.
- सुपर कॉरिडॉर आणि पीथमपूर: ही सर्वांत अवघड जोडी. मधली जागा शहराच्या पश्चिम कडेला सापडते: अन्नपूर्णा, सुदामानगर, केसरबाग, राजेंद्रनगर. लांबचं उपनगर घेतलंत तर एकाचा प्रवास दुप्पट होतो.
- देवास आणि विजयनगर परिसर: निपानिया, तलावली चांदा, मांगलिया.
- सिमरोल आणि क्रिस्टल आयटी पार्क: खंडवा रोड, लिंबोदी, तेजाजीनगर.
- एकाचं काम घरून: मग दुसऱ्याच्या ऑफिसजवळच राहा. मात्र घरून काम करणाऱ्यासाठी वीज आणि इंटरनेट या दोन अटी पक्क्या लिहा.

*सावधान:* नसलेल्या रस्त्यावर आणि नसलेल्या रेल्वेवर घर निवडू नका. मेट्रोचा ३१ मे २०२५ ला सुरू झालेला पहिला टप्पा गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३ असा सुमारे ६ किमीचा, पाच स्टेशनांचा. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली. मार्ग ३०९ किमीचा आहे आणि मंजुरीपासून गाडी धावेपर्यंत बरीच वर्षं जातात. माहितीपत्रकावर "प्रस्तावित" शब्द दिसला की ती ओळ हिशेबातून काढून टाका.

३. रस्ता घड्याळ लावून बघा

उरलेल्या दोन-तीन गावांतून ऑफिसपर्यंत प्रत्यक्ष जा. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून केलेली फेरी काहीच सांगत नाही. सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला आणि शुक्रवारी संध्याकाळी परतीच्या वेळेला जा. वेळ घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत मोजा. लिफ्ट, पार्किंग, गेटवरची रांग सगळं धरून.

बायपासवरच्या टाउनशिपांत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. गेट बायपासच्या एका अंगाला, ऑफिसची दिशा दुसऱ्या अंगाला, आणि मधला अंडरपास दोन किलोमीटर पुढे. नकाशावर आठ किमी दिसणारं अंतर बारा होतं, आणि ते टाळण्यासाठी लोक सर्व्हिस रोडवरून उलटे येतात. म्हणून गेटपासून जवळच्या अंडरपासचं अंतर मोजा, आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं का हे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारा.

रेल्वेचा विचार महू-राऊ-राजेंद्रनगर-इंदूर या पट्ट्यापुरता करता येतो. पण गाड्यांच्या वेळा तुमच्या ऑफिसला जुळतात का ते आधी बघा. स्टेशन जवळ असून गाडी सोयीची नसेल तर त्या जवळिकीचा उपयोग नाही.

पीथमपूरच्या बऱ्याच कारखान्यांच्या बस इंदूरहून जातात. तुमच्या कंपनीची बस असेल तर तिच्या थांब्यापासून दीड-दोन किमीच्या आत घर शोधा. एक गाडी, एक पेट्रोलचा खर्च आणि रात्रपाळीची काळजी तिन्ही कमी होतात.

*तपासा:* दोघांपैकी कोणाचाही एकेरी प्रवास ५० मिनिटांवर गेला तर ते गाव सोडा. दोघांची सरासरी बघून समाधान मानू नका. वीस मिनिटं आणि ऐंशी मिनिटं यांची सरासरीही पन्नासच येते, आणि ऐंशीवाला माणूस वर्षभरात थकतो.

४. पाणी: इथे घाई करायची नाही

इंदूरचं मुख्य पाणी नर्मदेतून, सुमारे ७० किमीवरच्या जलूदहून पंपाने चढवून येतं, आणि शहरातही बहुतेक भागांत ते एक दिवसाआड सोडतात. कडेच्या कॉलन्या बोरिंगवर आणि टँकरवर चालतात. "आमच्याकडे नर्मदा आहे" हे वाक्य ऐकून पुढे जाऊ नका. त्या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी लपू शकतात:

१. कॉलनीजवळून लाइन गेली आहे, पण जोडणी नाही.
२. टाकी बांधली आहे, पण भरत नाही.
३. टाउनशिपचं बल्क कनेक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच जोडणी, आहे, पाणी हौदापर्यंत येतं, आणि तिथून बोरिंगचं पाणी मिसळून वर चढतं.
४. घरात नर्मदेचा वेगळा नळ आहे आणि त्याला ठरल्या दिवशी पाणी येतं.

तुम्हाला चौथी हवी आहे. तिसरी चालेल, पण पिण्यासाठी शुद्धीकरणाचं यंत्र धरून. पहिल्या दोन असतील तर घर पूर्णपणे बोरिंगचं समजून पुढचा हिशेब करा.

माणशी दिवसाला १३५ लिटर हे नगर-नियोजनात वापरलं जाणारं माप. चार जणांच्या घराला रोज ५४० लिटर, म्हणजे दिवसाआड पुरवठ्यात आणि एक खेप चुकली असं धरून तीन दिवसांचे १,६२० लिटर. स्वतंत्र घराला २,००० लिटरच्या खाली साठा नको. मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, हाच हिशेब सगळ्यांचा करा: ४० फ्लॅट गुणिले ५४० म्हणजे रोज २१,६०० लिटर. हौद केवढा आहे ते चौकीदाराला विचारा. बोरिंग बंद पडलं तर ५,००० लिटरचे चार-पाच टँकर रोज लागतील. त्यांचा खर्च देखभाल शुल्कात आहे की वेगळा, हेही त्याच वेळी विचारा.

घर बघताना स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी फिरवून काढा. तिच्यावर पांढरा खरखरीत थर असेल, बाथरूमच्या फरशीवर नळाखाली पांढरे ओघळ असतील, तर पाणी जड आहे. तेच क्षार गीझरच्या कॉइलवर आणि वॉशिंग मशीनमध्ये बसतात. रंगरंगोटी केली तरी ही जाळी सहसा कोणी बदलत नाही. सोबत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, ठेवा. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तरच २,००० पर्यंत. पण मीटर जंतू दाखवत नाही. राहायला जाण्यापूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दाखवा, विशेषतः जिथे पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन शेजारून जाते तिथे.

*सावधान:* पाण्याची चौकशी ऑगस्टमध्ये केली तर सगळीकडे पाणी भरपूर असतं. माळव्याच्या काळ्या खडकातली बोरिंगं एप्रिल-मेमध्ये आटतात. तुम्ही पावसाळ्यात बघत असाल तर तीन वेगवेगळ्या घरांत विचारा: "मागच्या मे महिन्यात टँकर किती आले?" एकट्या घरमालकाच्या उत्तरावर थांबू नका.

५. माती, सांडपाणी, वीज

इथली माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पायाचं काम वरवरचं असेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात, खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून सुरुवात होते. नव्या रंगाच्या घरात कपाटामागे आणि जिन्याखाली बघा. आवारातली फरशी भिंतीपासून सुटली आहे का तेही बघा. प्लॉट आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा खाली असेल तर तो सोडलेला बरा, कारण रस्ता दर डांबरीकरणाला आणखी वर येतो.

सांडपाणी कुठे जातं? महापालिकेच्या लाइनला, सेप्टिक टँकला, की मागच्या नाल्यात? उत्तर नाला असेल तर पावसाळ्यात डास आणि वास दोन्ही तुमचे.

विजेचं बिल मागून बघा, आणि रकमेपेक्षा कनेक्शनचा प्रकार वाचा. कॉलनायझरने, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्या विकसकाने, विद्युतीकरण पूर्ण केलं नसेल तर तिथे घरांना टेम्पररी कनेक्शन असतं, त्याचा दर जास्त, आणि पक्कं कनेक्शन मिळवण्याचा लढा रहिवाशांच्या गळ्यात पडतो. कॉलनी महापालिकेकडे किंवा नगर परिषदेकडे हस्तांतरित झाली आहे का, हा त्याच्याशी जोडलेला प्रश्न. झाली नसेल तर दिवे, रस्ता, ड्रेनेज आणि बाग यांचा खर्च रहवासी संघाच्या वर्गणीतून होतो.

६. रोजचं जगणं

हे लवकर उरकता येतं, एका संध्याकाळी. रात्री दहाला त्या कॉलनीत जा: रस्त्यावर दिवे आहेत का, उशिरा परतणाऱ्या बाईला मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंत चालत येववेल का, रिक्षा मिळते का. चोवीस तास चालणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते प्रत्यक्ष गाडीने जाऊन बघा. दूध, किराणा, औषधं पायी अंतरावर हवीत. दोघंही कामावर असताना पार्सल कोण घेतं आणि कामाला येणाऱ्या मावशी कुठून येतात, हेही विचारा. बायपासच्या लांबच्या टाउनशिपांत घरकामाला माणूस मिळणं खरोखर कठीण जातं, आणि याचा विचार बहुतेक जण उशिरा करतात.

आई-वडील सोबत राहणार असतील तर त्यांच्या ओळखीचं इंदूर किती लांब पडेल तेही धरा. लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर इकडे त्यांची ऊठबस असेल आणि तुम्ही मांगलियाला घर घेतलंत, तर त्यांचं बाहेर पडणं तुमच्या सुटीवर अवलंबून राहील. मराठी नाटकं खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात होतात. राऊ आणि खंडवा रोडकडून तिथे जाणं सोपं, निपानियाकडून पूर्ण शहर ओलांडावं लागतं. ही गोष्ट छोटी समजू नका. नव्या जागी रुजायला माणसं लागतात.

७. अकरा महिने भाड्याने

गाव ठरलं तरी खरेदी करू नका. त्याच गावात, जमल्यास त्याच कॉलनीत, अकरा महिन्यांच्या करारावर राहा. त्या काळात एक मे आणि एक जुलै आलाच पाहिजे: मेमध्ये पाणी कळतं, जुलैमध्ये रस्ता आणि गळती. करार ऑगस्टला सुरू केलात तर जूनअखेर संपतो आणि जुलै हुकतो. तेव्हा आधीच मुदतवाढीचं कलम घालून घ्या.

करारात हे स्पष्ट लिहून घ्या: टँकरचा खर्च कोणाचा, देखभाल शुल्क कोणाचं, मोटार जळाली तर दुरुस्ती कोणाची, अनामत किती दिवसांत परत, नोटीस किती दिवसांची. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याची पोच घरमालकाकडून घ्या. राहायला जाताना मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो तारखेसह काढा, अनामतीचे वाद तिथेच मिटतात.

दर महिन्याला तीन आकडे लिहीत जा: दोघांचा प्रवास, टँकरचा खर्च, वीज किती वेळ गेली. अकरा महिन्यांनी तुमच्या हातात त्या गावाबद्दल कुठल्याही एजंटपेक्षा चांगली माहिती असेल.

८. खरेदी: कागद पैशांच्या आधी

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की इथे सातबारा नसून खसरा आणि बी-१ आहे, फेरफाराला नामांतरण म्हणतात, आणि जमिनीचा वापर शेतीतून निवासी होण्याला डायव्हर्शन. क्रमाने हे मागा:

१. खसरा आणि बी-१, विक्रेत्याच्या नावाशी जुळवून.
२. डायव्हर्शनचे कागद.
३. नगर तथा ग्राम निवेश विभागाने, म्हणजे टीएनसीपीने, मंजूर केलेला लेआउट. तुमचा प्लॉट त्यावर बोट ठेवून शोधा. बाग किंवा शाळेसाठी राखलेल्या जागेचे प्लॉट पाडून विकल्याची प्रकरणं इथे झालेली आहेत.
४. विकास अनुमती आणि बंधक, म्हणजे गहाण, भूखंडांची यादी. विकासकामाची हमी म्हणून कॉलनायझरचे काही प्लॉट स्थानिक संस्थेकडे बंधक असतात. तुमचा त्यात नको.
५. रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडची नोंदणी. इंदूरच्या प्रकल्पांचा क्रमांक पी-आयएनडी या अक्षरांनी सुरू होतो. मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाकून बघा, फलकावरून विश्वास ठेवू नका.
६. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींची तपासणी, तीस वर्षांचा.

५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठ फ्लॅटपर्यंतचे प्रकल्प रेरात येत नाहीत. इंदुरातल्या छोट्या मल्ट्या यातच मोडतात. तिथे महापालिकेचा मंजूर नकाशा घ्या आणि मजले मोजा. कागदावर तीन आणि जागेवर चार असतील तर चौथा मजला अवैध, आणि बँकही त्यावर कर्ज द्यायला कचरते. पार्किंगच्या जागी दुकानं काढली असतील तर तीच गोष्ट.

महूमध्ये एक जास्तीची काळजी. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतले ओल्ड ग्रांट बंगले आणि लीजच्या जागा यांची जमीन सरकारची असते, विक्रीला संरक्षण संपदा खात्याची संमती लागते आणि बांधकामाचे नियमही वेगळे. हद्द कॅन्टोन्मेंटची, महूगाव नगर परिषदेची की पंचायतीची, हे पहिल्याच भेटीत विचारा. इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांतल्या मालमत्तेबाबत लीज किती उरली आहे आणि ती फ्रीहोल्ड झाली आहे का ते बघा.

*सावधान, डायरी:* इंदुरात परवानग्या येण्याआधीच "डायरीवर" प्लॉट विकण्याची पद्धत आहे. हातात येतो तो डायरीचा एक कागद: प्लॉटचा क्रमांक, चौरस फुटाचा दर, दिलेली रक्कम, खाली एक सही. ना रजिस्ट्री, ना रेरा क्रमांक, ना विक्रेत्याचं पूर्ण नाव. भाव कमी असतो म्हणून सुशिक्षित लोकही यात पैसे घालतात आणि पुढे तो कागद हातात घेऊन फिरतात. नोटरीवर विकलेल्या प्लॉटचंही तेच. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही. दोन्हींना नकार द्या, भाव कितीही चांगला असो.

पैशांच्या बाबतीत रेरा कायद्याचा एक नियम पाठ करा: नोंदणीकृत विक्री करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. भावाची बोलणी कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर, करा. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा आयकर, खरेदीदाराने कापून भरायचा असतो. तो विसरला की दंड खरेदीदारालाच बसतो. महिलेच्या नावे रजिस्ट्री केल्यास नोंदणी शुल्कात सवलत मिळते, म्हणून घर कोणाच्या नावे घ्यायचं हे गृहकर्जाचा अर्ज करण्यापूर्वी ठरवा. कर्ज मंजूर झाल्यावर नावं बदलायची म्हणजे सगळे कागद पुन्हा.

९. सामान हलवताना

परराज्यातली गाडी आणत असाल तर बारा महिन्यांच्या आत ती मध्य प्रदेशात नोंदवावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी तिकडे असतानाच काढा. इथे आल्यावर ती मिळवायला रजा जातात. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं पत्रही आधी. इथला कर भरल्यावर तिकडच्या उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्यासाठी भरल्याची पावती जपून ठेवा. दोघांपैकी कोणाची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत असेल आणि नवी गाडी घेणार असाल तर बीएच मालिकेच्या, म्हणजे राज्य बदललं तरी पुन्हा नोंदवावा न लागणाऱ्या, क्रमांकाचा विचार करा.

गॅस, आधारचा पत्ता आणि मतदार नोंदणी भाडेकरारावर होते. शाळेचे प्रवेश मात्र वेळ पाहून. मूल असेल तर भाडेकरार मार्चच्या आधी हातात हवा.